रेकॉर्ड रूमला ‘आयएसओ’ घ्यायचे म्हणजे नेमके काय घ्यायचे?

प्रश्न एका नगरपरिषदेच्या कार्यालयीन अधीक्षकांचा आहे. थोडक्यात असा: अभिलेख कक्षात नवे रॅक बसवले, सहा गठ्ठे पद्धत लावली, जुन्या नस्त्या स्कॅनिंगला दिल्या. आता एक सल्लागार पंधरा दिवसांत ‘आयएसओ १५४८९ प्रमाणित अभिलेख कक्ष’ करून देतो म्हणतो. मुख्याधिकारी अनुकूल आहेत. हे घ्यावे का, आणि घ्यायचेच तर कोणते मानांकन घ्यावे?

सल्लागारांना चहा द्या आणि निरोप द्या. आयएसओ १५४८९ चे प्रमाणपत्र नगरपरिषदेला काय, जगात कोणालाच मिळत नाही.

१५४८९ हे अभिलेख व्यवस्थापनाचे मूळ मानक आहे. ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये एएस ४३९० नावाचे राष्ट्रीय मानक काढले होते. त्याच्या पायावर २००१ मध्ये आयएसओ १५४८९ उभे राहिले आणि २०१६ मध्ये ते नव्याने लिहिले गेले. मानक उत्तम आहे, या कामात पडलेल्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. पण त्याची भाषा ‘असे करणे योग्य’ अशी सल्ल्याची आहे. परीक्षकाला ‘ही अट पाळली, ही पाळली नाही’ असे लिहिता यावे, अशा बंधनकारक अटी त्यात नाहीत. अटीच नाहीत तिथे पूर्तता कशाची तपासणार? तरीही कोणी त्याचे प्रमाणपत्र विकत असेल, तर त्या माणसाने मानक उघडून पाहिलेले नाही किंवा तुम्ही पाहणार नाही याची त्याला खात्री आहे.

ज्याचे प्रमाणपत्र मिळू शकते ते मानक आयएसओ ३०३०१. ते पहिल्यांदा २०११ मध्ये आले, सध्याची आवृत्ती २०१९ ची. नाव लांबलचक आहे, पण विषय सरळ: संस्थेने अभिलेखांसाठी व्यवस्थापन प्रणाली कशी उभारावी आणि ती चालते हे कसे दाखवावे. ३०३०० मध्ये संकल्पना आणि शब्दावली आहे, ३०३०२ मध्ये अंमलबजावणीचे मार्गदर्शन. प्रमाणपत्र फक्त ३०३०१ चे.

मग गावोगावच्या ग्रामपंचायती, जिल्हा परिषद शाळा, अंगणवाड्या आणि पोलीस ठाण्यांवर ‘आयएसओ मानांकित’ अशी पाटी असते ती कशाची? जवळ जाऊन पाहा, बहुधा ९००१:२०१५ लिहिलेले असते. ते गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक. अभिलेखांचा विषय त्यात येतो, पण कलम ७.५ पुरता. कागद हवा तेव्हा सापडला पाहिजे, वाचता आला पाहिजे, त्यातले बदल नियंत्रणात हवेत, किती काळ ठेवायचा आणि पुढे त्याचे काय करायचे हे ठरलेले हवे, एवढे ते सांगते. २००८ च्या आवृत्तीत अभिलेख नियंत्रणासाठी स्वतंत्र कलम होते, २०१५ मध्ये ते कागदपत्रांच्या एकाच कलमात मिसळले गेले. शिवाय ९००१ ला तेच अभिलेख महत्त्वाचे वाटतात जे गुणवत्ता प्रणाली चालवायला लागतात. तुमच्या कक्षातल्या साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची काळजी ९००१ आपणहून घेत नाही. प्रमाणपत्राच्या व्याप्तीत ‘नागरी सेवा’ एवढेच लिहिले असेल, तर परीक्षक अभिलेख कक्षाच्या दारातून डोकावूनही परत जाऊ शकतो, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

आता प्रमाणपत्र कोण देते ते पाहू. सगळी गडबड इथेच होते.

जिनिव्हातली आयएसओ संघटना मानके लिहिते. ती कोणालाही प्रमाणपत्र देत नाही आणि स्वतःचे बोधचिन्ह प्रमाणपत्रावर वापरूही देत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या, बहुतेक खासगी. त्या संस्था लायक आहेत का हे तपासणारी त्यांच्या वर आणखी एक पायरी असते. भारतात ती एनएबीसीबी, म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्राखालचे मान्यता मंडळ. ब्रिटनमध्ये हेच काम यूकेएएस करते. प्रमाणपत्रावर या मान्यता मंडळाचे चिन्ह नसेल, तर ते देणारी संस्था स्वतःच्याच शब्दावर उभी आहे. बिगरमान्यता प्रमाणपत्र देणे हा काही गुन्हा नव्हे. पण त्या कागदाची किंमत मग तो छापणाऱ्याच्या अब्रूइतकीच.

एक बारकावा इथे सुटतो. मान्यता मानकागणिक असते. एखाद्या संस्थेला ९००१ साठी मान्यता आहे म्हणून ती ३०३०१ साठीही आहे असे होत नाही. तशी संस्था ३०३०१ चे प्रमाणपत्र छापून देईल, भिंतीवर ते छान दिसेल, पण त्यावर मान्यता चिन्ह लावता येणार नाही. भारतात ९००१ च्या मानाने ३०३०१ ला हात घालणारे फार थोडे आहेत. म्हणून देकार मागवतानाच लिहा: ‘आयएसओ ३०३०१:२०१९ साठीच्या मान्यतेची प्रत व्याप्तीसह जोडावी.’ या एका ओळीने निम्मे निविदाकार गळतात.

सल्लागार आणि प्रमाणपत्र देणारा एकच असेल तर तिथेच थांबा. प्रमाणन संस्थांना लागू असलेले आयएसओ १७०२१-१ हे मानक त्यांना सल्लागारी करू देत नाही, आणि ज्या परीक्षकाने तुम्हाला सल्ला दिला आहे त्याला किमान २ वर्षे तुमच्या परीक्षणापासून दूर ठेवायला लावते. ‘कागदपत्रेही आम्हीच बनवू, ऑडिटही आम्हीच आणू, प्रमाणपत्रही हातात देऊ’ हे पॅकेज ऐकायला सोयीचे वाटते. नियमाप्रमाणे ते बसतच नाही.

पंधरा दिवसांचे म्हणाल, तर साधे गणित करा. ९००१ च्या परीक्षणाला किती दिवस लागावेत याचे आंतरराष्ट्रीय कोष्टक आहे. ६६ ते ८५ कर्मचारी असतील तर पहिल्या प्रमाणनासाठी ६ परीक्षक-दिवस, ८६ ते १२५ असतील तर ७. काम सोपे असेल तर यातून काही कपात करता येते, पण ३० टक्क्यांच्या पुढे सहसा नाही. हे झाले फक्त परीक्षणाचे दिवस. त्याआधी तुमची प्रणाली काही महिने चाललेली असायला हवी, तिचे अंतर्गत परीक्षण झालेले असायला हवे, मुख्याधिकाऱ्यांनी व्यवस्थापन आढावा घेतलेला हवा आणि त्या आढाव्यातून निघालेली कामे झालेली दिसली पाहिजेत. परीक्षण दोन टप्प्यांत होते. पहिल्यात तयारी पाहतात, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. पंधरा दिवसांत या सगळ्याचे फक्त कागद तयार होतात. मागच्या तारखा टाकून इतिवृत्त लिहिणे म्हणजे ज्या प्रणालीने अभिलेखांच्या खरेपणाची हमी द्यायची, तिची सुरुवातच बनावट अभिलेखाने करणे. हे मी नीतीचा धडा म्हणून सांगत नाही. दुसऱ्या टप्प्यात चांगला परीक्षक नेमके तेच इतिवृत्त मागतो आणि त्यात ज्यांची नावे आहेत त्यांना एकेकटे विचारतो.

एवढे बाजूला काढले की खरा विषय उरतो: ३०३०१ तुमच्याकडून मागते काय?

अभिलेख कक्षापासून सुरुवात करू नका. हे ऐकून रॅकवर खर्च केलेल्यांना वाईट वाटते, पण मानक रॅकपासून सुरू होत नाही. ते कामापासून सुरू होते. नगररचना विभाग घ्या. बांधकाम परवानगी देताना कोणते अभिलेख निर्माण व्हायला हवेत? अर्ज, नकाशे, मालकीचे पुरावे, शुल्काचे चलन, स्थळ पाहणीचा अहवाल, टिपणी, मंजुरीचा आदेश, जोत्याची तपासणी, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ही यादी कायदा, नियमावली आणि कार्यपद्धती यांच्यावरून कागदावर मांडा. मग मागच्या काही वर्षांतल्या दहा-पंधरा नस्त्या काढा आणि ताडून पाहा. चलन असते, नकाशे असतात. स्थळ पाहणीचा अहवाल बऱ्याचदा ‘पाहणी केली, हरकत नाही’ एवढ्या ओळीचा असतो. तारीख नसते, कोण गेले ते नसते. फोटो अभियंत्याच्या मोबाइलमध्ये असतात, मोबाइल अभियंत्याबरोबर बदलीच्या गावी गेलेला असतो. तोंडी सूचना टिपणीत उतरलेली नसते.

जो अभिलेख निर्माणच झाला नाही, तो कितीही चांगल्या रॅकवर ठेवता येत नाही. ३०३०१ ची सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात त्रासाची अट हीच आहे: कोणत्या कामातून कोणता अभिलेख निर्माण व्हायलाच हवा हे आधी ठरवा, तो कोणी आणि केव्हा करायचा ते ठरवा, आणि तो होतो आहे हे तपासत राहा. १५४८९ च्या २०१६ च्या आवृत्तीने मूल्यनिर्धारणाची कल्पना मुळात इथपर्यंत मागे नेली. पूर्वी नस्ती बंद झाल्यावर ‘ठेवायची की फाडायची’ एवढाच विचार व्हायचा. आता तो काम सुरू होण्याआधी करायचा आहे.

वर्गीकरणाचेही तसेच. आपल्याकडे अ, ब, क, क-१, ड हे वर्ग रुळलेले आहेत: अ कायमचा, ब तीस वर्षे, क दहा, क-१ पाच, ड एक. पद्धत चांगली आहे, तिला परदेशी मानकासमोर लाजण्याचे कारण नाही. अडचण अशी की वर्ग ठरवतो कोण आणि केव्हा? अनेक कार्यालयांत नस्ती निकाली निघून, बासनात बांधून कक्षात आल्यावर रेकॉर्ड कीपर वरचा विषय वाचून अंदाजाने ‘ब’ मारतो. त्याला आतल्या प्रकरणाची माहिती नसते, चुकला तर जबाबदारी त्याच्यावर येते, म्हणून तो शंका आली की वरचा वर्ग देतो. काही वर्षांत निम्मा कक्ष ‘अ’ होऊन बसतो. प्रमाणनाची तयारी करताना हे उलटे करा. विभागवार कामांची यादी, त्या प्रत्येक कामातून निघणाऱ्या नस्त्यांचा वर्ग, आणि तो वर्ग कशाच्या आधारे दिला तो नियम किंवा परिपत्रक, असे तक्ते करून त्यांना मुख्याधिकाऱ्यांची मंजुरी घ्या. नस्ती उघडतानाच मुखपृष्ठावर वर्ग पडला पाहिजे. परीक्षक सगळ्यात आधी हा तक्ता मागेल, आणि लगेच विचारेल की मागच्या वर्षी नियम बदलला तेव्हा तो दुरुस्त केला का.

सहा गठ्ठ्यांबद्दल तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगतो. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे, ही विभागणी टेबलावरच्या कामासाठी फार उपयोगी आहे. ती मोडू नका. परीक्षकाला समजावून सांगा, त्याला आवडेल. फक्त तिची मर्यादा ओळखा: कागद आत्ता कोणत्या अवस्थेत आहे हे ती सांगते, तो कोणत्या कामाचा आहे ते सांगत नाही. आणि ईमेल व व्हॉट्सॲपवर आलेल्या आदेशांना सातवा गठ्ठा कुठेच नाही.

नष्टीकरणावर जरा थांबायला हवे. निंदणीकरण (नको असलेले कागद निवडून वेगळे काढणे) आणि नाशन हा आपल्या कार्यालयांतला सगळ्यात घाबरलेला कोपरा आहे. भीती अनाठायी नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. ठरलेली कार्यपद्धती सोडून सार्वजनिक अभिलेख नष्ट केला तर ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(क) अभिलेख सूचीबद्ध आणि सहज सापडतील असे ठेवायला सांगते. ‘नस्ती सापडत नाही’ हे माहिती नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलेले आहे. या सगळ्याचा परिणाम उलटाच झाला. लोकांनी काहीच नष्ट करायचे नाही असे ठरवले. मुदत संपून वीस वर्षे झालेले हजेरीपट आणि किरकोळ पत्रव्यवहार कायमच्या नोंदवह्यांच्या अंगावर रचलेले असतात, आणि वाळवी दोघांत फरक करत नाही.

३०३०१ च्या दृष्टीने दोन्ही गोष्टी दोषच: अधिकार नसताना नष्ट करणे, आणि मुदत संपूनही निर्णय न घेणे. परीक्षक नष्टीकरणाची नोंदवही मागतो. त्यातली एक नोंद निवडतो आणि मागे चालत जातो. ही नस्ती कोणत्या वर्गाची होती? मुदत केव्हा संपली? तिच्यावर न्यायालयीन प्रकरण, लेखा आक्षेप किंवा माहिती अधिकाराचा अर्ज प्रलंबित होता का, हे कोणी तपासले? नष्ट करायला लेखी मान्यता कोणाची? प्रत्यक्ष नष्ट कशी केली? रद्दीवाल्याला किलोवर विकली असेल आणि आत नागरिकांच्या आधारच्या छायाप्रती असतील, तर तिथे मोठी विसंगती, म्हणजे मानकाची अट मोडल्याची नोंद, लागते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यावर हा प्रश्न आता अधिकच टोचेल.

पण नष्ट करण्याची घाई लागलेल्यांना मी २०२३ पासूनच्या कुणबी नोंदींच्या शोधाची आठवण करून देतो. न्यायमूर्ती शिंदे समितीचे काम सुरू झाले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तहसील, भूमी अभिलेख, शाळा आणि कारागृहांपर्यंतची जुनी दप्तरे उघडली गेली. गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते कितीतरी ठिकाणी धूळ खात पडले होते. त्यातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवर आज लोकांचे दाखले ठरत आहेत. शिवाय पुष्कळ नोंदी मोडी लिपीत. कागद होता, अस्सल होता, फाटलेला नव्हता, पण वाचणारा माणूस शोधावा लागला. १५४८९ अधिकृत अभिलेखाचे चार गुण सांगते: तो अस्सल असावा, विश्वासार्ह असावा, त्यात फेरफार झालेला नसावा आणि तो वापरता यावा. चौथा गुण नसेल तर पहिले तीन असूनही अर्जदार रिकाम्या हाताने परत जातो, हे त्या महिन्यांत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तुमच्या नगरपरिषदेत मोडीतल्या नोंदवह्या असतील तर त्यांची सूची कोण करणार, हे जोखमींच्या यादीत लिहा.

जोखमींचा विषय निघालाच आहे, तर तो भाग लवकर सांगून टाकतो, कारण बाकीच्या व्यवस्थापन मानकांसारखाच आहे. धोरण, जबाबदाऱ्या, उद्दिष्टे, प्रशिक्षण, अंतर्गत परीक्षण, आढावा, सुधारणा. ९००१ केलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. जोखमीत मात्र ‘आग, पाणी, कीड’ असे तीन शब्द लिहून मोकळे होऊ नका. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कोणत्या विभागाच्या कोणत्या नस्त्या गेल्या, हे ठरवणे हेच एक मोठे काम होऊन बसले. जी नस्ती गेली तिची नोंद दुसरीकडे होती का, हा खरा प्रश्न. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर आणि चिपळूण-महाडचा २०२१ चा पूर पाहिल्यावर नदीकाठच्या गावात अभिलेख कक्ष तळमजल्यावर ठेवणाऱ्याला परीक्षक एकच प्रश्न विचारेल: पूररेषा कुठे आहे? कक्षाची सूची कक्षातच ठेवलेली असेल तर ती आजच दुसऱ्या इमारतीत हलवा. याला प्रमाणपत्राची वाट पाहायला नको.

प्रत्यक्ष परीक्षणात काय होते याची कल्पना असावी. भिंतीवरचे फलक, रंगवलेल्या पट्ट्या, फुलांच्या कुंड्या यांच्याकडे जाणता परीक्षक फारसा पाहत नाही. तो नोंदवहीतून पाच नस्त्या निवडतो आणि रॅकवरून मागवतो. मग रॅकवरच्या पाच उचलतो आणि नोंदवहीत दाखवा म्हणतो. पहिल्या परीक्षेत बहुतेक कार्यालये पास होतात, दुसरीत अडखळतात, कारण नोंद नसलेले गठ्ठे रॅकवर असतात. नस्ती कक्षाबाहेर गेली आहे तर कोणाकडे, केव्हापासून, हे दाखवणारे कार्ड जागेवर आहे का ते पाहतो. एखाद्या सदस्याच्या घरी ‘अभ्यासासाठी’ गेलेली नस्ती इथे बाहेर येते. रेकॉर्ड कीपर रजेवर असताना दुसऱ्याला सापडते का हे बघायला तो मुद्दाम दुसऱ्याला पाठवतो. ‘साहेब, त्यांनाच माहीत आहे कुठे आहे ते’ हे वाक्य आपल्या कार्यालयांत कौतुकाने म्हटले जाते. परीक्षणात ते विसंगती म्हणून लिहिले जाते.

विसंगती लहान असेल तर दुरुस्तीची योजना देऊन पुढे जाता येते. मोठी असेल तर ती मिटल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. विसंगती निघाली म्हणून घाबरू नका. मान्यता असलेल्या संस्थेच्या अहवालात एकही विसंगती नसेल तर मला त्या अहवालाचीच शंका येते.

स्कॅनिंगकडे वळतो, कारण तिथे तुमचे पैसे आत्ता जात आहेत. कंत्राटदार ‘आमचे सॉफ्टवेअर सर्टिफाइड आहे’ म्हणेल. कशाचे, ते विचारा. सॉफ्टवेअरची प्रमाणने वेगळी असतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे डीओडी ५०१५.०२ हे २०२३ पर्यंत त्यातले प्रसिद्ध होते. ते उत्पादनाची चाचणी करत असे. ते उत्पादन तुमच्या कार्यालयात कोण, कसे वापरतो याबद्दल असे प्रमाणन काहीच म्हणत नाही. कंत्राटदाराकडे माहिती सुरक्षेचे २७००१ असेल तर चांगलेच, पण त्याने तुमच्या प्रतिमा बरोबर निघाल्या हे सिद्ध होत नाही.

करारात मागायचे ते वेगळे. प्रत्येक नस्तीची पाने स्कॅन करण्याआधी मोजलेली आणि नंतर ताडलेली असावीत. प्रतिमा दीर्घकाळ टिकणाऱ्या पीडीएफ/ए स्वरूपात असाव्यात, त्यासाठी आयएसओ १९००५ आहे. सूचीतली क्षेत्रे तुमच्या वर्गीकरणाच्या तक्त्याशी जुळावीत, कंत्राटदाराच्या सोयीशी नव्हे. आणि प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारा आणि ती जराही बदलली तर बदलणारा ठसा, फाइल निर्माण होतानाच नोंदवून ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात द्यायचा तर जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅश मूल्य मागितले आहे. पाच वर्षांनी ते काढत बसण्यापेक्षा आज एका ओळीची अट घालणे स्वस्त. आणि स्कॅन झाले म्हणून मूळ नस्ती नष्ट करता येते असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नका. तो निर्णय वर्ग आणि कायदा ठरवतात.

डिजिटल साठ्याच्या विश्वासार्हतेसाठी आयएसओ १६३६३ हे वेगळे मानक आहे. त्यात शंभराहून अधिक निकष आहेत, आणि त्याचा पाया अवकाश संस्थांच्या डेटा समितीने घातला, कारण उपग्रहांनी पाठवलेला डेटा दशकानुदशके वाचता यावा ही त्यांची गरज होती. या मानकावर जगात पहिले प्रमाणपत्र २०१७ मध्ये मिळाले ते भारताला: दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील राष्ट्रीय सांस्कृतिक दृकश्राव्य संग्रहाला. त्यासाठीची डिजिटल जतनाची प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने घडवली होती. अमेरिकन सरकारच्या प्रकाशन कार्यालयाच्या गव्हइन्फो या साठ्याला ते त्यानंतर, २०१८ च्या डिसेंबरात मिळाले. आपल्याकडे हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांना हे ऐकवावे. पण नगरपरिषदेने १६३६३ च्या मागे लागू नये. त्यासाठी लागणारी माणसे, निधी आणि पुढच्या पिढीपर्यंतची हमी राज्य पातळीच्या साठ्यालाच परवडते. तुम्ही त्यातली एक सवय उचला: साठवलेल्या फायलींचे हॅश ठरावीक काळाने पुन्हा काढून जुन्याशी ताडणे. हार्ड डिस्क कपाटात ठेवून कुलूप लावणे म्हणजे जतन नव्हे.

मग तुम्ही नक्की काय करावे? माझे मत असे. या वर्षी प्रमाणपत्र घेऊ नका. ३०३०१ स्वतःच तीन मार्ग देते: स्वतः मूल्यमापन करून पूर्ततेची घोषणा करणे, त्या घोषणेला बाहेरच्या कोणाकडून दुजोरा घेणे, किंवा प्रमाणन. पहिला मार्ग कोणी वापरत नाही, कारण त्याची फ्रेम होत नाही. तुमच्यासाठी तोच योग्य. व्याप्ती लहान ठेवा: नगररचना आणि जन्म-मृत्यू नोंदणी, एवढेच दोन विभाग. पहिल्यात वादही आहेत आणि पैसाही, दुसऱ्यात कायमचे अभिलेख आहेत. या दोन्हींत मानकाची कसोटी पूर्ण लागते. शेजारच्या नगरपरिषदेतल्या एखाद्या खमक्या अधीक्षकाला अंतर्गत परीक्षणाला बोलवा आणि बदल्यात तुम्ही त्यांच्याकडे जा. वर्षभर प्रणाली चालली आणि विसंगती खरोखर मिटल्या तर पुढच्या वर्षी मान्यताप्राप्त संस्थेकडून देकार मागवा.

मुख्याधिकाऱ्यांना पाटीच हवी असेल, आणि कधी कधी ती हवी असते, तर ९००१ घ्या, पण व्याप्तीच्या वाक्यात ‘अभिलेखांची निर्मिती, जतन आणि नाशन’ हे शब्द घालून घ्या. मग परीक्षकाला कक्षात यावेच लागेल.

खर्चाच्या प्रस्तावात दोन गोष्टी राहून जातात. एक, रेकॉर्ड कीपर. पद रिक्त आणि किल्ली शिपायाकडे, अशा कक्षाला कोणतेही मानक लावता येत नाही. मानक सक्षम व्यक्तीची नेमणूक मागते आणि परीक्षक नेमणुकीचा आदेश पाहतो. दोन, प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षे असते आणि मधल्या दोन वर्षांत दरवर्षी देखरेख परीक्षण होते, पहिल्या परीक्षणाच्या साधारण एक तृतीयांश दिवसांचे. त्याचे शुल्क वेगळे. पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तिन्ही वर्षांची तरतूद दाखवा. तोवर मुख्याधिकारी बदललेले असतील, आणि नव्या साहेबांकडून जुन्या साहेबांच्या पाटीसाठी पैसे मंजूर करून घेणे किती अवघड असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.